एक जूनची पिढी आणि जानेवारीची पोरं

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आमच्या सावद्यात जन्मतारीख विचारत नाहीत, नुसतं साल विचारतात. तारीख ठरलेली असते, १ जून. त्या दिवशी सकाळी व्हॉट्सअॅप उघडावं तर निम्मं गाव उरलेल्या निम्म्या गावाला केकची चित्रं पाठवत असतं, आणि पाठवणाऱ्यांतले बरेचसे स्वतःच उत्सवमूर्ती असतात. दुपारपर्यंत ‘तुम्हालाही’ हा एकच शब्द इकडून तिकडे फिरत राहतो. परक्या माणसाला वाटावं, की दरवर्षी पोळ्याच्या सुमारास रावेर तालुक्यात काहीतरी सामुदायिक घडत असावं.

घडलेलं होतं ते एवढंच, की शाळेत गुरुजी होते. बाळंतपणं घरी व्हायची. पोराला शाळेत घालायला आलेल्या आजीला तारीख विचारली की ती म्हणायची, “तापीले मोठा पूर आल्ता ना, त्याच्या पुढल्या आखाजीले.” शाळेच्या रजिस्टरात आखाजीचा रकाना नव्हता. शाळा जूनमध्ये उघडायची, पहिलीला सहा वर्षं पुरी लागायची. गुरुजी चालू सालातून सहा वजा करायचे, पुढे १ जून लिहायचे आणि “चला, पुढचा” म्हणायचे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा झाला १९६९ साली, पण दिल्लीहून सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचायला त्याने आपला वेळ घेतला.

गुरुजी अगदीच डोळे मिटून लिहीत असत असंही नाही. आधी कानाची परीक्षा व्हायची. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डाव्या कानाची पाळी धरायची. बोटं कानाला लागली तर पोरगं पहिलीत. नाही लागली तर “पुढल्या साली आना.” पोरगं घरी जाऊन वर्षभर कान ओढायचा सराव करायचं. माझ्या ओळखीच्या एका बापूंचा डावा कान आजही उजव्यापेक्षा थोडा मोठा आहे आणि ते त्याचं कारण हेच सांगतात.

ह्या परीक्षेला आपण आजवर हसत आलो. शिकलेली पोरं तर फारच हसतात. परंतु गेल्या चाळीसेक वर्षांत जगभरच्या क्रीडाशास्त्रज्ञांनी जे काही शोधून काढलं आहे, ते वाचल्यावर मला आमच्या गुरुजींचा फोटो शोधून त्याला हार घालावासा वाटतो. गुरुजी हयात आहेत, म्हणून थांबलो.

गोष्ट अशी, की १९८० नंतरच्या दशकात कॅनडात रॉजर बार्नस्ली नावाचे एक मानसशास्त्रज्ञ सहकुटुंब आइस हॉकीचा सामना बघायला गेले. सामना रंगेना म्हणून की काय, त्यांच्या पत्नी पॉलाबाई हातातली कार्यक्रमपत्रिका वाचू लागल्या. तीत खेळाडूंच्या जन्मतारखा होत्या. बाईंच्या लक्षात आलं, की जिकडे तिकडे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च. नोव्हेंबर-डिसेंबरवाला औषधापुरता. घरी आल्यावर साहेबांनी आणखी याद्या काढल्या, आणि १९८५ साली त्यावर निबंध छापून आला. पुढे तर ठोकताळाच बसला, की तिथल्या वरच्या दर्जाच्या संघात साधारण ४० टक्के पोरं वर्षाच्या पहिल्या तिमाहीतली, ३० दुसरीतली, २० तिसरीतली आणि शेवटच्या तिमाहीतली जेमतेम १० टक्के. ग्रहताऱ्यांचा त्यात काही हात नव्हता. वयोगटाची रेघ १ जानेवारीला मारलेली होती. दहा वर्षांच्या गटात जानेवारीचं पोरगं डिसेंबरच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षाने थोराड. ते उंच दिसायचं, प्रशिक्षक त्याला उचलायचा, त्याला जास्त सराव मिळायचा, आणि चार वर्षांनी सगळे म्हणायचे, बघा, अंगात उपजतच होतं. बायकांना सामने बघायला नेल्याने शास्त्राचा केवढा फायदा होतो, ह्याचा मात्र त्या निबंधात कुठे उल्लेख नाही.

पोहण्यात तर हा प्रकार फारच उघडा पडतो. कबड्डीत अंगाने लहान पोरगं चपळाईवर निभावून नेतं, क्रिकेटमध्ये फिरकी टाकतं. पाण्यात पळवाट नाही. एक लेन, एक घड्याळ. लांब अंगाचं पोरगं पाणी कमी ढकलतं आणि पुढे जास्त सरकतं. लांब हात भिंतीला आधी लागतो. आणि घड्याळ सेकंदाचे शंभर तुकडे करून मोजतं. बीजिंगला २००८ साली शंभर मीटर बटरफ्लायमध्ये मायकल फेल्प्सने ५०.५८ सेकंदांत भिंत गाठली आणि मिलोराद चाविचने ५०.५९ सेकंदांत. शेवटच्या हाताच्या फेकीचा प्रश्न होता. फेल्प्सची उंची १९३ सेंटिमीटर आणि पसरलेले दोन्ही हात २०१ सेंटिमीटर. आमच्या गुरुजींच्या कानाच्या परीक्षेत तो तिसऱ्या वर्षीच पास झाला असता. चाविचचा जन्म ३१ मे चा. आणखी एक दिवस कळ काढली असती तर सावद्यात खपून गेला असता.

आता अकरा वर्षांच्या पोरांचा विचार करा. अकराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे सगळ्या आयुष्याचा बारावा हिस्सा. आणि ऐन वयात येताना मुलगा वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे एकाच गटात, शेजारशेजारच्या ठोकळ्यांवर, एक पोरगं पाण्याकडे बघत असतं आणि दुसरं शेजारच्याच्या बरगड्यांकडे. आपल्याकडे जलतरण संघटनेच्या वयोगटात वय मोजतात ते ३१ डिसेंबरला. शालेय स्पर्धांचे चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गटही नव्या वर्षाच्या उंबऱ्यावरच तुटतात.

म्हणजे रोग जुनाच आहे. पण आमच्या गुरुजींचं मोठेपण असं, की त्यांनी रोग कळायच्या आधीच सगळ्या तालुक्याला लस टोचली होती. सगळ्यांचा जन्म १ जूनचा! मग कोण कुणापेक्षा थोराड? कोण जानेवारीचा आणि कोण डिसेंबरचा? शिवाय कानाला हात लागणं म्हणजे अंगाची वाढ किती झाली ते बघणं, कागदावरचं वय न बघता. हल्ली परदेशात काही ठिकाणी पोरांचे गट शाळेच्या दाखल्यावरून न पाडता शरीराच्या वाढीवरून पाडून बघतात, आणि त्याला नवीन शोध म्हणतात. आपल्याकडे वयाची चोरी पकडायला डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडं वाचतात. केंद्राच्या क्रीडा खात्याने २०१० साली त्यासाठी नियमावली केली. कानाच्या परीक्षेला एक्स-रेचा खर्च नव्हता, रेडिओलॉजिस्ट लागत नव्हता, आणि हातसुद्धा पोराचाच वापरायचा.

ह्या शास्त्रज्ञांपैकी कुणी त्या काळची खानदेशातली शाळेची दप्तरं मागवली असती तर त्याची बिचाऱ्याची कारकीर्दच संपली असती. निष्कर्ष निघाला असता : उत्तम खेळाडू फक्त जूनमध्ये जन्मतात. मठ्ठ खेळाडूही जूनमध्येच जन्मतात. प्रेक्षकही.

हे सगळं बिघडलं ते दवाखान्यांमुळे. आता जन्मदाखला मिळतो, त्यावर तारीख तर असतेच, घरच्यांना वेळही पाठ असते. आमच्या गल्लीत दोन पोरं आहेत. एकाच दवाखान्यात, एकाच आठवड्यात जन्मलेली. एक ३० डिसेंबरचं, दुसरं २ जानेवारीचं. दोघांच्या बारशाचे पेढे एकाच दुकानातले. आठव्या वर्षापर्यंत ती दोघं इतकी सारखी होती, की चूक एकाने केली तरी मार दोघांनाही मिळायचा. मग दोघांना पोहायला घातलं, आणि पहिल्या स्पर्धेच्या अर्जावर कळलं, की ही दोन पोरं वेगवेगळ्या वर्षांची आहेत.

तेव्हापासून डिसेंबरवाल्याच्या बापाची झोप उडाली. माणूस केळीच्या व्यापारातला, हिशोबाला पक्का. त्याचं म्हणणं, “तीन दिवसांत काय फरक पडतो? आमच्याकडे तीन दिवसांत केळीसुद्धा पिवळी होत नाही.” फरक असा पडला, की जानेवारीवालं पोरगं आपल्या सालात सगळ्यांत मोठं आणि डिसेंबरवालं आपल्या सालात सगळ्यांत धाकटं. एक पोरगं मेडल गळ्यात घालून यायचं आणि दुसरं सहभागाचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणायची जबाबदारी बापाची. घरात आता इतकी प्रमाणपत्रं झाली आहेत, की त्याच्या सासऱ्यांना वाटतं नातू पोहण्यात पीएचडी करतो आहे.

खरं तर केळीच्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगायची पाळी यायला नको. जूनमध्ये लावलेली ती मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली ती कांदेबाग. मृगबागेला पावसाचं अंग मिळतं, थंडी येईस्तोवर तिने बाळसं धरलेलं असतं. कांदेबाग कोवळेपणीच हिवाळ्यात सापडते. पारा दहाच्या आसपास आला की तिची वाढ बसते, पानांवर चरका येतो. मृगबागेचा घड कापणीला आला त्या दिवशी कांदेबागेचा घड काट्यावर ठेवून ‘ह्या खोडात दम नाही’ असं म्हणणारा माणूस रावेर-यावलात सापडायचा नाही. सापडलाच तर त्याला कुणी उधारीवर खत देणार नाही. दोन्हींची लागवड वेगळी, दोन्हींचा भाव वेगळा, दोन्हींची वेळ वेगळी, एवढं शहाणपण सगळ्या पट्ट्याला आहे. फक्त पोरांच्या बाबतीत ते गळून पडतं. तिथे ३१ डिसेंबरला काटा लावतात आणि वजन येईल ते नशीब.

बापाने एक दिवस भरीत पार्टीत हा विषय काढला. डिसेंबर महिना, बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी, ज्वारीच्या शेताचा बांध. म्हणजे विषयही आणि महिनाही जुळून आलेला. आमचे सेवानिवृत्त गुरुजी पंक्तीत होतेच.

“गुरुजी, पोऱ्याची तारीख तीन दिवस पुढे सरकवता येईन का?”

गुरुजींनी भरीत संपवलं. “तुया पोऱ्याची? आता नही येत. आता सगळं काम्पूटरवर.”

“पह्यले?”

“पह्यले काय! पह्यले मी दोघांनाबी एक जून लावली असती. भांडनच नसतं राह्यलं.”

ह्यावर दुसऱ्या एका काकांनी सुचवलं, की मूळ दुरुस्ती तारखेत न करता लग्नात करावी. काका पंचांगातले जाणकार. त्यांनी मांडलेला हिशोब असा : आपल्याकडची लग्नं बहुतेक वैशाखातली, एप्रिल-मे मधली. आषाढात नव्या सुनेला माहेरी धाडायची रीत. म्हणजे ऐन चैत्रा-वैशाखाच्या उन्हात बाळंतपण यायला नको. एप्रिल-मे मधलं लग्न, वर नऊ महिने. पहिलं पोर जानेवारी-फेब्रुवारीत. “म्हंजे आपल्या वाडवडलांनी,” काका म्हणाले, “पोहनाऱ्या पोऱ्यांचीच सोय करून ठेवली व्हती.” ह्या सिद्धान्ताला कुणी आव्हान दिलं नाही, कारण तेवढ्यात भाकरी आली. मला मात्र राहून राहून वाटतं, की पंचांगवाले आणि जलतरण संघटना ह्यांची कधीतरी एकत्र बैठक व्हावी.

डिसेंबरवाल्याची आई त्या रात्री घरी नवऱ्याला एवढंच म्हणाली, की डॉक्टरांनी ३ जानेवारी सांगितली होती, तुम्हीच ‘एकतीस डिसेंबरच्या गडबडीत नको’ म्हणून आधी आणलं. ह्यापुढचा संवाद भिंतीपलीकडे नीट ऐकू आला नाही.

दोष रेघेचा म्हणावा तर रेघ कुठेही मारली तरी कुणाच्या तरी पोटावरच येते. अमेरिकेतले क्लब हुशार निघाले. तिथे बारमाही स्पर्धांत वय मोजतात ते स्पर्धेच्या पहिल्या दिवशी. म्हणजे रेघ ठरलेली नाही, ती स्पर्धेबरोबर हिंडते. आज डिसेंबरवाला मार खाईल तर उद्या एप्रिलवाला. मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी ज्याचा वाढदिवस येतो तो बारा वर्षांच्या गटात राजा असतो आणि केक कापून उठेपर्यंत तेरा वर्षांच्या गटात रंक. तिथल्या आया वाढदिवसाला ‘अरे देवा’ म्हणतात असं ऐकतो. बाकी उन्हाळी स्पर्धांची तऱ्हा न्यारीच. आमच्याकडचं एक कुटुंब व्हर्जिनियात असतं. उत्तर व्हर्जिनियात उन्हाळ्यात गल्लोगल्लीच्या तलावांच्या स्पर्धा भरतात. शनिवारी सकाळी बाप लोक अर्ध्या चड्डीत स्टॉपवॉच घेऊन लेनच्या टोकाला उभे राहतात. तिथे वय कधीचं धरतात? १ जूनचं.

ही बातमी सावद्यात आली तेव्हा आमच्या सगळ्या पिढीची छाती फुगली. शेवटी अमेरिकेने आमच्या गुरुजींची तारीख मान्य केली! दोघा-तिघांनी तर आपण आज लहान असतो तर कसे तिथे गाजलो असतो, ह्याची वर्णनंही सुरू केली. मग त्या कुटुंबातल्या सातवीतल्या नातीने फोनवर नियम नीट समजावून सांगितला. १ जूनला जो अकरा पूर्ण करतो तो अकरा-बाराच्या गटात जातो, म्हणजे तिथला सगळ्यांत धाकटा. २ जूनला अकरा पूर्ण करणारा अजून दहाचाच, म्हणजे नऊ-दहाच्या गटातला सगळ्यांत थोरला. “आजोबा, जून वन इज द वर्स्ट,” ती म्हणाली. गुरुजींनी सगळ्या तालुक्याला नेमकं एका दिवसाने बुडवलं होतं.

आणि हे काही पोहण्यापुरतंच नाही. राज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांत अठ्ठावन्न पूर्ण झाले की त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. मात्र जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीला. म्हणून १ जूनवाले ३१ मे ला घरी बसतात आणि २ जूनवाला ३० जूनपर्यंत पगार खातो. दरवर्षी ३१ मे ला महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत शाल-श्रीफळांची एवढी लूट होते, की त्या दिवशी नारळ महाग होत असावेत. गुरुजींना कुणीतरी हे विचारलं. गुरुजी म्हणाले, “तुया जन्म खरा डिसेंबरातला व्हता. सहा महिने मी तुले आधीच देल्ले. एका महिन्याच्या पगारासाठी रडतो काय?” हा मुद्दा कुणालाही खोडता आला नाही. त्यांच्या स्वतःच्या दाखल्यावरही १ जूनच आहे.

हे सगळं खरं असेल तर डिसेंबरच्या पोरांनी पोहणं सोडून बुद्धिबळ धरावं काय? असं बापाने ठरवून टाकलं होतं. मी त्याला अॅडम पीटीचं नाव सांगितलं. इंग्लंडचा ब्रेस्टस्ट्रोकवाला. २०१६ साली रिओत शंभर मीटरचं सुवर्ण, मग टोकियोतही सुवर्ण. त्याचा जन्म २८ डिसेंबरचा. आमच्या पोरापेक्षा दोनच दिवस आधीचा! आणि लहानपणी हा माणूस पाण्याला घाबरायचा. मोठ्या भावांनी सांगितलं होतं, की न्हाणीच्या टबातल्या भोकातून शार्क वर येतो. बापाने दुसऱ्या दिवशीच पोराला बाथरूमच्या मोरीतल्या शार्कबद्दल सांगायला सुरुवात केली. पोरगं तेरा वर्षांचं. ते म्हणालं, “पप्पा, शार्क खाऱ्या पाण्यात असतो.” प्रयोग तिथेच संपला.

पण पीटी हा अपघात नाही. ऑस्ट्रेलियात स्टीफन कोब्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धांतल्या पोरांचे महिने तपासले. बारा-तेराच्या गटात अपेक्षेप्रमाणे थोरल्यांची चलती. पण वय वाढत जातं तसा हा जोर ओसरतो, आणि सतरा-अठरापर्यंत उलटंच व्हायला लागतं. टिकून राहिलेल्यांत धाकटे जास्त दिसतात. कारण साधं आहे. जो चार वर्षं नुसता उंचीवर जिंकला त्याची उंची एक दिवस इतरांच्या बरोबरीला येते, आणि मग त्याला कळतं, की आपल्याला पोहायला यायचं राहूनच गेलं. धाकट्याने तोवर मार खात खात वळणं, श्वास, पायांची लाथ सगळं घोटून घेतलेलं असतं. अट एकच, तो तोवर टिकला पाहिजे. बहुतेक टिकत नाहीत. दहावीचं वर्ष येतं आणि पोहणं सुटतं, तेही आपल्याकडे स्पर्धेतल्या यशाला बोर्डात जास्तीत जास्त २५ गुण मिळतात म्हणून धरलेलं असतं. जानेवारीवाल्याला ते मिळतात, डिसेंबरवाल्याला त्याऐवजी क्लास लावतात. मला ह्यातली ही गोष्ट सगळ्यांत जास्त खटकते. शर्यत सेकंदाच्या शंभराव्या भागाने जाते तेव्हा वाईट वाटत नाही, पण बीजगणिताच्या क्लासने जाते तेव्हा वाटतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर कोल्हापूरचा वीरधवल खाडे. जन्म २९ ऑगस्ट १९९१ चा, म्हणजे वर्षाच्या उतरणीवरचाच. बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहला तेव्हा सतरावं पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळवलं. १९८६ साली सोलला खजानसिंगने रौप्य मिळवल्यानंतर चोवीस वर्षांनी भारताला पोहण्यात आशियाई पदक दिसलं. पुढे शासनाने त्याला तहसीलदार केलं. आणि गंमत बघा, वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला मिळतो तो तहसीलमधूनच. महिन्याने ज्याला अडवलं नाही, त्याच्या सहीने लोकांची वयं ठरू लागली. डिसेंबरवाल्याच्या बापाला ह्यातला शेवटचा भागच तेवढा आवडला. “म्हंजे तारीख बदलता येईन?” त्याने विचारलं.

मला विचाराल तर सावद्याच्या पोराचं पोहणं महिन्याने तेवढं अडत नाही, जेवढं विहिरीने अडतं. आमची पिढी पोहायला शिकली ती विहिरीत. कंबरेला तेलाचा रिकामा डबा नाहीतर केळीच्या खोडाचा तुकडा बांधायचा, आणि थोरला भाऊ वरून ढकलून द्यायचा. त्यात वयोगट नव्हते. वर आला तो पास. विहीर भरलेली असायची ती श्रावणापासून होळीपर्यंत. त्या दिवसांत शाळेतली निम्मी हजेरी पाण्याखाली. मग केळीला पाणी लागत गेलं, मोटारी खोल जात गेल्या, रावेर-यावलातलं भूजल उपसून उपसून पार तळाला गेलं, आणि विहिरींच्या जागी बोअर आल्या. बोअर सहा-सात इंच रुंद असते. तिच्यात जानेवारीचं पोरगं पोहू शकत नाही आणि डिसेंबरचंही नाही. कॅनडाच्या प्राध्यापकांना हा मुद्दा सुचलेला नाही, कारण तिकडे बर्फ फुकट मिळतो. आता पोहायचं म्हणजे पहाटे उठून तलाव असलेल्या गावी जायचं, बापाने मोटरसायकल काढायची, महिन्याची फी भरायची, क्लोरिनने पांढरे झालेले केस घेऊन दहाच्या आत शाळेत बसायचं. ज्याच्या बापाकडे मोटरसायकलच नाही, त्याचा जन्म १ जानेवारीला मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने झालेला असला तरी काय करणार? ते पोरगं कुठल्याच यादीत येत नाही, मग त्याचा महिना मोजणार कोण?

असो. आमची दोन पोरं अजून पोहतात. ह्या वर्षी जानेवारीवालं चौदाच्या गटात आणखी एक मोसम राहिलं, कारण त्याच्या सालाची रेघ अजून आली नव्हती. डिसेंबरवाल्याची रेघ आली. तीन दिवसांनी मोठं असल्याबद्दल त्याला आता सतराच्या गटात धाडण्यात आलं आहे, आणि तिथेही ते सगळ्यांत धाकटंच. शर्यतीच्या दिवशी त्याने लेनमधून डावी-उजवीकडे बघितलं. डावीकडच्याला मिशी होती. उजवीकडच्याला मिशी आणि दाढी दोन्ही होत्या, आणि तो आपल्या बापाला “मोटरसायकल नीट लाव, मले परतीले चालवायची आहे” असं सांगत होता. पोरगं सहावं आलं. आठ जणांत सहावं, म्हणजे दोन दाढ्या मागे टाकल्या.

पाण्याबाहेर आल्यावर बाप टॉवेल घेऊन उभा होता, सोबत प्रमाणपत्रासाठी प्लास्टिकची पिशवीही आणलेली. पोराने चष्मा कपाळावर चढवला, हनुवटीवरून हात फिरवला आणि विचारलं, “पप्पा, तुमाले दाढी कोणत्या महिन्यात आल्ती?”